तळ्याखालचं चर्च

गाईचा पाय गाळात रुतला म्हणून घड्याळ सापडलं, आणि घड्याळ सापडलं म्हणून हाडं सापडली.

सायलस गॅज नावाचा गुराखी आपली गाय ओढून काढत होता. खुराबरोबर मातीचा एक गोळा वर आला आणि त्यात काहीतरी पिवळं चमकलं. खिशातलं घड्याळ! आणखी काही हाती लागतंय का म्हणून त्याने तिथेच वीतभर उकरलं. मग हातातली काठी टाकून तो जो पळत सुटला, तो थेट गावच्या हवालदाराच्या दारात जाऊन थांबला.

इन्स्पेक्टर वॉल्टर इन्स्किप तेव्हा जिल्ह्याच्या ठाण्यात बूट काढून, सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून बसला होता. त्या वर्षी उन्हाळा सरायचं नावच घेत नव्हता. सप्टेंबर उजाडला तरी आभाळात ढगाचा कापूस नव्हता. फोन वाजला तेव्हा, कोणीतरी दुसरं उचलेल म्हणून त्याने बराच वेळ वाट पाहिली.

"साहेब, हवालदार जेसप बोलतोय. स्टोक ऑर्बेलहून. इथं आटलेल्या तळ्यात माणसाची हाडं निघालीत."

"जुनी आहेत?"

"बाईसाहेब म्हणतात, सहाशे वर्षांची."

"कोण बाईसाहेब?"

"हवेलीच्या. मिस ऑर्बेल."

"मग मला कशाला त्रास देता? पाद्रीबाबांना बोलवा."

"ते आलेत की. पण आमच्या डॉक्टरीणबाई हटून बसल्यात. पोलिसांनी बघितल्याशिवाय हात लावू देणार नाही म्हणतात."

इन्स्किपने बुटांकडे पाहिलं. ते पायात चढवायचे या विचारानेच त्याला थकवा आला. येत्या हिवाळ्यात तो निवृत्त होणार होता. आता नवा गुन्हा नको, नवा खटला नको. हाडं सहाशे वर्षांची निघोत, एवढीच त्याची इच्छा होती.

ऑर्बेल हवेलीसमोरचं तळं म्हणजे आता तडकलेल्या चिखलाचं मैदान झालं होतं. मधोमध हिरवट पाण्याचं एक डबकं उरलं होतं. बाकी सगळीकडे बुटक्या भिंतींच्या रेघा वर आल्या होत्या. घरांचे पाये, उंबरे, एक दगडी गल्ली.

"हे जुनं गाव," जेसप घाम पुसत म्हणाला. जाडजूड, बोलघेवडा माणूस. "बाईसाहेबांच्या खापरपणजोबांना खिडकीतून गावाची धुराडी दिसायची. नजरेला खुपायची. मग त्यांनी काय केलं, सगळं गाव उचललं आणि टेकडीपलीकडे नेऊन टाकलं. ओढ्याला बांध घातला आणि तळं केलं. मोठ्या लोकांचं सगळंच मोठं!"

"तळं याआधी कधी आटलं होतं?"

"चौतीस साली. मी तेव्हा नुकता भरती झालो होतो. त्या वर्षी असाच जाळ पडला होता. पुढे पाऊस आला आणि भरलं ते आजवर भरलेलंच."

हाडांपाशी तिघंजण होती. तरुण पाद्री ॲलरटन, गुडघ्यावर बसलेल्या डॉक्टर मॉड, आणि गवताची रुंद हॅट घातलेली एक उंच, ताठ म्हातारी. तिच्या हातात छापील पुस्तिका होती. हात मात्र हॅटला शोभणारे नव्हते. मोठे, खरबरीत, नखांत माती बसलेले.

"बागकाम सगळं स्वतः करतात," जेसप कुजबुजला. "माळी ठेवायची ऐपत होती तेव्हासुद्धा फावडं कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही."

"इन्स्पेक्टर, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला," मिस हेस्टर ऑर्बेल म्हणाल्या. "तुम्ही उभे आहात तिथे आमच्या गावाचं जुनं चर्च होतं. माझ्या पणजोबांच्या वडिलांनी ते दगड दगड सुटा करून वर हवेलीशेजारी नेऊन बांधलं. थडगी तेवढी खाली राहिली. सगळं या इतिहासात आहे."

त्यांनी पुस्तिका पुढे केली. स्टोक ऑर्बेलचा इतिहास, लेखिका हेस्टर ऑर्बेल. आत गावाचा नकाशा आणि त्यावर नेमक्या याच जागी काढलेला क्रूस.

"मी पाद्रीबाबांना सांगितलंय. रविवारच्या आत या बिचाऱ्याला प्रार्थना म्हणून पुन्हा माती द्या. एवढ्याशा गोष्टीचा तमाशा नको."

"आणि हे घड्याळ?" इन्स्किपने विचारलं. जेसपच्या रुमालावर तो मातीचा गोळा होता.

मिस ऑर्बेलने त्याच्याकडे ओझरतं पाहिलं. हात काही पुढे केला नाही. "शनिवारी हवेली बघायला लोक येतात. काठावर बसून डबे खातात. पडलं असेल कोणाचं तरी."

इन्स्किपच्या पायांतून कळ आली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि जवळच्या एका विटांच्या कठड्यावर बसकण मारली. अर्धगोल कठडा. विटा आतून काळ्याकुट्ट, वर्षानुवर्षांच्या आचेने काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. त्याने नकळत त्यांवरून हात फिरवला. त्याचा बाप पाववाला होता. लहानपणी पहाटे तो त्याला पाठीवर थाप मारून उठवायचा आणि असल्याच विटांच्या तोंडासमोर उभं करायचा. त्या पहाटांची झोप त्याला अजून पुरी करायची होती.

"साहेब," डॉक्टर मॉड वर न बघता म्हणाल्या, "इकडे या जरा."

तो नाइलाजाने उठला.

"कवटीला मागून तडा गेलाय. जोरदार घाव आहे. पण मी तुम्हाला बोलावलं ते त्यासाठी नाही. जबडा बघा. ही मागची दाढ."

दाढेत राखाडी धातू भरलेला होता.

"दंतवैद्याचं काम. सहाशे वर्षांपूर्वी दाढ दुखली तर उपटून टाकायचे. वीस-तीस वर्षांपूर्वी मेलाय हा माणूस, त्यापलीकडे नाही. तरुण होता."

मिस ऑर्बेलने पुस्तिका मिटली. "मग कोणीतरी भटका असेल," त्या म्हणाल्या आणि हवेलीच्या दिशेने चालू लागल्या. पाठ तशीच ताठ.

इन्स्किपने सुस्कारा सोडला. खटला आला होता.

"गॅज, घड्याळ हाडांच्या मध्ये होतं का? बरगड्यांत? कमरेपाशी?"

"नाही मालक," सायलस म्हणाला. "घड्याळ वर होतं. वीतभर खाली गेल्यावर हाड लागलं. मध्ये नुसती माती."

"जेसप, चौतीस साली या भागातून कोणी नाहीसं झालं होतं?"

जेसप हसला. "नाहीसं कोण होतंय? हां, एमस टकवेल पळाला होता. चोर टकवेल! आमचे सर ज्युलियन, म्हणजे बाईसाहेबांचे भाऊ, पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आंधळे झाले होते. एमस त्यांचा हाताखालचा माणूस. त्यांना वाचून दाखवायचा, फिरवून आणायचा. एक दिवस मालकांचं सोन्याचं घड्याळ लांबवून..."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो रुमालाकडे बघत होता.

इन्स्किपने गोळा उचलून डबक्याच्या पाण्यात धुतला. वर काच नव्हती. काटे जाड होते. आकड्यांच्या जागी बोटाला लागतील असे उंचवटे होते.

आंधळ्या माणसाचं घड्याळ.

चर्च हवेलीला अगदी खेटून होतं. पाद्री ॲलरटनने त्याला अंगणातल्या सावलीत बसवलं आणि आतून लिंबाचं सरबत आणलं.

"पाद्रीबाबा, हे चर्च खालून उचलून वर आणलं, हे खरं?"

"पुस्तिकेत तसं आहे."

"तुम्हाला पटतं?"

ॲलरटन घुटमळला. "मी इथे येऊन दोनच वर्षं झाली. बाईसाहेबांचा शब्द खोडायचा म्हणजे... पण गेल्या वर्षी मनोऱ्याच्या पायात पाणी शिरलं. जो गवंडी खाली उतरला तो म्हणाला, हे दगड बसवल्यापासून कोणी हलवलेले नाहीत. आणि आता तुम्ही ज्याच्या सावलीत बसलाय ते झाड बघा ना."

इन्स्किपने मान वर केली. यू वृक्ष होता, सावकाश वाढणारा, शेकडो वर्षं जगणारा. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. त्याच्या मुळांनी दोन जुनी थडगी पोटाशी धरली होती.

"चर्च उचलून आणलं म्हणू," पाद्री म्हणाला, "पण झाड कोण उचलून आणतं?"

"गावात खालच्या चर्चची गोष्ट पूर्वीपासून सांगतात?"

"म्हाताऱ्यांना विचारलंय मी. पुस्तिका वाचली तेव्हाच पहिल्यांदा कळलं म्हणतात."

"आणि पुस्तिका कधी निघाली?"

"पस्तीस साली. नंतर पुन्हा पुन्हा छापली गेली."

इन्स्किपने डोळे मिटले. पाद्र्याला वाटलं, याला झोप लागली.

डॉर्कस टकवेल टेकडीपलीकडच्या गावात शेवटच्या घरात राहायची. ती चर्चच्या चादरी आणि पाद्र्याचे झगे इस्त्री करायची. पन्नाशीची, किडकिडीत, ओठ घट्ट मिटलेली बाई. खोलीत धगधगत्या चुलीवर दोन इस्त्र्या तापत होत्या. त्या उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षाच होती. इन्स्किप बसला.

त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. डॉर्कसने इस्त्री खाली ठेवली. तिने बोटाने त्याचे उंचवटे चाचपले.

"कुठे मिळालं?"

"तळ्यात. डॉर्कसबाई, मला वाटतं तुमचा भाऊही तिथेच आहे."

ती रडली नाही. खुर्ची ओढून बसली. "म्हणजे तो गेलाच नव्हता," ती म्हणाली.

"शेवटचा कधी बघितलात?"

"संध्याकाळी. चहा पिऊन निघाला. तळं आटलंय, जुनं गाव दिसायला लागलंय, जाता जाता बघून मालकांना सांगतो म्हणाला. त्यांना तो सगळं सांगायचा. झाडाला पालवी कशी फुटली, ढग कसा आहे. मालक म्हणायचे, एमस, तुझ्या डोळ्यांनी मला माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं."

"मग?"

"मग काय! सकाळी बाईसाहेबांनी गावात निरोप धाडला. घड्याळ चोरून पळाला म्हणून. तेव्हापासून मी दुकानात पाऊल टाकलं की गल्ल्याचा खण आपोआप बंद होतो. माझं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. चोराच्या बहिणीला कोण घरात घेतंय? आईने चर्चला जाणं सोडलं. मी मात्र जात राहिले. म्हटलं, बघू दे सगळ्यांना माझं तोंड."

"घरी कोणी काही विचारायला आलं होतं? पोलीस सोडून?"

डॉर्कसने एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मालक आले होते. एकटे. टेकडी चढून, कुंपण चाचपत. हातांना काटे लागून रक्त आलं होतं. आईने बसायला दिलं तर बसेनात. म्हणाले, टकवेलबाई, तो का गेला, एवढंच सांगा. घड्याळाचं मला काही नाही, मागितलं असतं तर दिलं असतं. आम्ही समुद्राकाठी राहायला जाणार होतो. हवेली एका शाळेला द्यायची, असं मी ठरवलं होतं. त्याला यायचं नव्हतं, तर तोंडावर सांगायचं होतं."

"आणखी काही म्हणाले?"

"हेच उगाळत राहिले. सांगत होते, मी रात्रभर बिछान्यात घड्याळाचे काटे चाचपत त्याच्या पावलांची वाट बघत होतो. पहाटे डोळा लागला. तेवढ्यात तो आला असणार, उशाचं घड्याळ उचललं आणि मला हाकसुद्धा न मारता गेला. हे म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. आईने दार लावून घेतलं. मालकांना रडताना बघू नये म्हणून."

"मग समुद्राकाठी ते गेलेच नाहीत?"

"कुणाबरोबर जाणार? नंतर खोलीबाहेरच येईनात. दुसरी लढाई सुरू झाली त्या वर्षी वारले."

इन्स्किपने घड्याळ खिशात घातलं. दारापाशी तो थांबला.

"डॉर्कसबाई, उद्या सकाळी हवेलीवर याल? माझ्याबरोबर?"

"पुढच्या दाराने?" तिने विचारलं.

"पुढच्या दाराने."

हवेलीचा अर्धा भाग फळ्या ठोकून बंद केलेला होता. जेवणाच्या मोठ्या दालनात छताचा गिलावा सुटून लांबलचक टेबलावर पडला होता आणि कोणी तो झाडला नव्हता. भिंतीवर ऑर्बेल घराण्याचे पुरुष आपापल्या चौकटींत होते. शेवटची तसबीर सर ज्युलियनची, लढाईवर जाण्याआधीची, डोळे असतानाची.

मिस ऑर्बेल टेबलाच्या टोकाला बसल्या. पाद्री आणि डॉर्कस समोर. जेसप दारात. इन्स्किपने परवानगी न विचारता खुर्ची ओढली. उभं राहून भाषण करण्याचं त्याचं वय सरलं होतं.

"मृत माणूस एमस टकवेल आहे," तो म्हणाला. "त्याच्या बहिणीने दाढेची खूण सांगितली. चौतीस सालच्या उन्हाळ्यात, तळं कोरडं असताना, कोणीतरी त्याच्या डोक्यात मागून घाव घातला आणि तिथेच पुरलं. मिस ऑर्बेल, तुम्हाला काही सांगायचंय?"

म्हातारीने हात टेबलावर ठेवले. एकावर एक.

"सांगते," ती म्हणाली. "ज्युलियन गेलाय, आता त्याला कशाची लाज? लढाईवरून आल्यापासून त्याला झटके यायचे. त्यात तो माणूस ओळखायचा नाही, आणि शुद्धीवर आला की केलेलं सगळं आठवून रडायचा. त्या संध्याकाळी एमस त्याला तळ्यावर घेऊन गेला होता. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी भावाला वाचवलं. बहीण दुसरं काय करणार? चोरीची गोष्ट मी रचली. त्याबद्दल, डॉर्कस, मी तुझी क्षमा मागते."

डॉर्कसने तिच्यावर नजर रोखली.

"चांगली गोष्ट आहे," इन्स्किप थकलेल्या आवाजात म्हणाला. "कालची चर्चची गोष्टही चांगली होती. पण तळ्याखाली चर्च कधीच नव्हतं, मिस ऑर्बेल. हाडांशेजारी मी ज्यावर बसलो होतो ती पाव भाजायची भट्टी होती. माझं लहानपण तसल्या भट्टीपुढे गेलंय. चर्चमध्ये पाव भाजत नाहीत आणि पाववाल्याच्या स्वयंपाकघरात मुडदे पुरत नाहीत. खरं चर्च आजही जिथल्या तिथे आहे. शेजारचं यूचं झाड तुमच्या तळ्याहून शेकडो वर्षं जुनं आहे."

"इतिहासात चुका होतात."

"होतात. पण ही चूक एका प्रेतावर अचूक जाऊन बसली. त्याआधी गावात कोणी त्या चर्चचं नावही ऐकलं नव्हतं. एमस मेला चौतीस साली, तुमचा इतिहास आला पस्तीस साली. तुम्हाला ठाऊक होतं, तळं पुन्हा कधीतरी आटणार. त्या दिवशी हाडं निघाली तर लोकांनी म्हणावं, जुनी थडगी आहेत. म्हणून तुम्ही गावाला एक चर्च दिलंत."

"मी सांगितलं ना! भावासाठी केलं ते सगळं."

"तेच तर नाही केलंत." इन्स्किपने खिशातून घड्याळ काढून गिलाव्याच्या चुऱ्यात ठेवलं. "हे कोणाचं, ते आता सांगाल? काल तुम्ही हातातही घेतलं नाहीत."

तिने हात टेबलावरून मांडीवर घेतले.

"एमस संध्याकाळी मेला. तुम्हीच म्हणालात. पण त्याच रात्री सर ज्युलियन बिछान्यात हे घड्याळ चाचपत त्याची वाट बघत होते. डॉर्कसबाईंच्या आईला त्यांनी स्वतः सांगितलं. ज्याने मारलं, तो वाट कशाला बघेल? काट्याकुट्यांतून टेकडी चढून, तो मला सोडून का गेला, म्हणून मेलेल्याच्या आईला विचारायला कशाला जाईल? हवेलीत नुसते बसून राहिले असते तरी त्यांना जाब विचारणारा कोण होता?"

पाद्र्याने मान खाली घातली.

"आता घड्याळ बघा. रात्री ते एका जिवंत माणसाच्या उशाशी आहे, आणि एमस तोवर मातीखाली आहे. तरी ते त्याच्या थडग्यात सापडतं. खिशात नाही, बरगड्यांत नाही. त्याच्यावर वीतभर माती आणि त्या मातीत घड्याळ. म्हणजे ते नंतर, दुसऱ्या खेपेला पुरलं. बाहेरचा कोणी मारेकरी असता तर सोनं पुरलं नसतं, विकलं असतं. तेव्हा मला असा माणूस हवा होता, ज्याला पहाटे सर ज्युलियनच्या उशापर्यंत जाता येत होतं आणि थडगंही ठाऊक होतं. या घरात रात्री कोण राहायचं, जेसप?"

"मालक आणि बाईसाहेब," जेसप दारातून म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "एमसची खोली वर होती. बाकीचे नोकर आपापल्या घरी जायचे."

"फक्त एकच गोष्ट मला कळत नाहीये," इन्स्किप म्हणाला. "घड्याळ पुरायला तुम्ही परत तळ्यात का गेलात? इतकं मोठं घर. कुठेही दडवता आलं असतं."

मिस ऑर्बेलने प्रथमच घड्याळाकडे नीट पाहिलं.

"त्याला टिकटिक ऐकू आली असती," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे उंदीर चालला तरी त्याला कळायचा. या घरात त्याच्यापासून काही लपत नव्हतं. दिसत नव्हतं एवढंच."



"मी कमळाचे कंद काढायला गेले होते," ती पुढे म्हणाली. कोणाशी बोलतेय हे तिचं तिलाच ठाऊक नसावं. "तो त्या भिंतींमधून फिरत होता. चांगला खुशीत होता. म्हणाला, बाईसाहेब, मालकांनी मनावर घेतलंय. ख्रिसमसच्या आत आम्ही समुद्रावर असू. शाळेची पोरं इथे दंगा करतील, घर जिवंत होईल. जिवंत! मग तो वाकून काहीतरी बघायला लागला. माझ्या हातात फावडं होतं."

"एका घरासाठी?" पाद्री न राहवून म्हणाला.

"ज्युलियनला ते दिसत नव्हतं, पाद्रीबाबा. मला दिसत होतं. रोज सकाळी, प्रत्येक खिडकी, प्रत्येक पायरी. मी मुलगी म्हणून ते माझं नव्हतं, आणि ज्याचं होतं तो ते वाटून टाकायला निघाला होता."

डॉर्कस उठली. सगळ्यांना वाटलं, ही आता काहीतरी ओरडेल. ती टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मालक पाच वर्षं त्या खोलीत बसून होते," ती म्हणाली. "जेवण घेऊन तुम्ही जात होता ना आत?"

"हो."

"आणि ते त्याचं नाव काढायचे?"

मिस ऑर्बेलने टेबलावरचा गिलाव्याचा तुकडा बाजूला सारला. "सुरुवातीला," ती म्हणाली.

डॉर्कसने मान हलवली, जणू तिला एवढंच हवं होतं, आणि ती पुढच्या दाराने बाहेर निघून गेली.

पाऊस ऑक्टोबरात आला. तोवर एमसची हाडं सरकारी कपाटातून सुटली होती. मिस ऑर्बेल तुरुंगात होती आणि खटल्याची तारीख पडायची होती. एके दिवशी पाद्री ॲलरटन ठाण्यात आला. ओला, अवघडलेला.

"साहेब, एक अडचण आहे. डॉर्कसबाई म्हणतात, एमसला सर ज्युलियनच्या शेजारी ठेवायचं. नाहीतर कुठेच नाही."

"मग ठेवा."

"ती जागा ऑर्बेल घराण्याची आहे. कुंपण घातलेली. घराण्याच्या परवानगीशिवाय मला तिथे कुदळ मारता येत नाही. आणि घराण्यात आता एकच माणूस उरलंय."

इन्स्किपने टोपी उचलली.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत मिस ऑर्बेल तशीच ताठ बसली होती. हात स्वच्छ झाले होते. त्यामुळे ते फार म्हातारे दिसत होते. इन्स्किपने काय हवंय ते थोडक्यात सांगितलं.

"ज्युलियनच्या शेजारी?" तिने विचारलं.

"हो."

"ती घराण्याची जागा आहे, इन्स्पेक्टर."

"म्हणूनच विचारायला आलो."

"नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चुकीच्या दाराशी आलेल्या पाहुण्याला वाट दाखवावी तशी म्हणाली. "तिथे टकवेल नाही चालायचे."

"सर ज्युलियनना चालले असते."

"ज्युलियनला काय कळत होतं!"

इन्स्किप आणखी थोडा वेळ बसला. म्हातारी बदलेल असं त्याला वाटत नव्हतं. उठायचा कंटाळा आला होता म्हणून तो बसला होता. मग उठला.

पाद्री ॲलरटन चर्चच्या अंगणात वाट बघत उभा होता. डॉर्कस त्याच्या शेजारी होती, छत्री न उघडता, डोक्याला रुमाल बांधून. कुंपणापलीकडे सर ज्युलियनचा दगड पावसात काळा पडला होता. कुंपणाशी खड्डा खणणारा फावड्यावर रेलून हुकमाची वाट बघत होता.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत इन्स्किपने जबानीतला एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नव्हता. त्याचं त्याला फारसं कौतुकही नव्हतं. सवय होती, एवढंच.

"काय म्हणाल्या?" पाद्र्याने विचारलं.

"हो म्हणाल्या," इन्स्किप म्हणाला.

डॉर्कसने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती त्या बाईला जन्मभर ओळखत होती.

मग तिने स्वतः पुढे होऊन कुंपणाचं फाटक उघडलं आणि खणणाऱ्याला जागा दाखवली.